उलटं करून बघा : बेळगावात खरेदीला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

माझे आप्पा शहापुरात हातमागावर लुगडी विणायचे. कापडाच्या दुकानात गेले की दुकानदार सुलटी बाजू वर धरून नक्षी दाखवत असायचा आणि आप्पा खालून हात घालून पाठ चाचपत असायचे. मला लहानपणी फार लाज वाटायची. आता बासष्टाव्या वर्षी मीही तेच करते. नुसत्या कापडाला नाही, तर चपलेला, खेळण्याला, मडक्याला आणि मिठाईच्या खोक्यालासुद्धा.

मे महिना आणि दिवाळी हे माझे धामधुमीचे दिवस. पुण्याची जाऊ येते, ठाण्याची भाचेसून येते, गोव्याला जाता जाता अर्धा दिवस उतरलेले कुणाकुणाचे मित्र येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच, "काकू, इथून काय न्यायचं?" आणि मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांच्याकडेच तयार असतं, "कुंदा ना?" कुंदा, म्हणजे आमची आटवलेल्या दुधाची मिठाई, न्याच. पण तो शेवटी घ्या. सकाळी दहाला कुंदा घेऊन दिवसभर उन्हात गाडीत फिरवणारी माणसं मी पाहिली आहेत. घरी पोचल्यावर ती बेळगावला नावं ठेवतात.

आधी वेळ किती आहे ते ठरवा

अर्धा दिवस असेल तर गावातच राहा. गणपत गल्ली, मारुती गल्ली, खडेबाजार, पांगुळ गल्ली, रामदेव गल्ली हे सगळं पायी फिरायचं. गाडी लांब लावा. या गल्ल्यांत चारचाकी घालणाऱ्याला बायको-पोरांसमोर हॉर्न ऐकत बसावं लागतं, खरेदी बाजूलाच राहते. दुकानं निवांत उघडतात, अकराच्या आत जाऊन उपयोग नाही. आणि पहिल्या गिऱ्हाइकाने नुसती चौकशी करून परत फिरू नये, बोहनीचा प्रश्न असतो.

पूर्ण दिवस असेल तर दुपारनंतर शहापूर, खासबाग, वडगाव. शहापूर एकेकाळी सांगली संस्थानात होतं, बेळगाव मात्र इंग्रजांकडे. म्हणून आमचं शहापूर अजून वेगळ्या गावासारखं वागतं, त्याचा स्वतःचा खडेबाजार आहे. तुम्ही रिक्षावाल्याला नुसतं "खडेबाजार" म्हणालात तर तो "कुठला?" विचारणार. उत्तर तयार ठेवा.

दोन-तीन दिवस असतील आणि गाडी असेल, तर खरी मजा तालुक्यांत आहे. गोकाक, अथणी, खानापूर, निपाणी. गावातल्या दुकानात जे काचेच्या कपाटात दिसतं, ते तिथं ओसरीवर तयार होताना दिसतं.

भाषेची काळजी करू नका. पाट्या कानडीत असल्या तरी बेळगाव, खानापूर, निपाणीत मराठीने सगळं काम होतं. गोकाक-अथणीकडे गेलात की दोन-चार कानडी शब्द खिशात असू द्या. "एष्टरी?" म्हणजे कितीला हो, "कडिमी माडरी" म्हणजे कमी करा हो. नको असेल तर "ब्याडरी". शेवटचा 'री' विसरायचा नाही, तो आपल्या 'हो'सारखा आहे. 'री' लावला की म्हातारी कोतारीसुद्धा हसून भाव सांगते. नाही लावला तरी सांगते, पण हसत नाही.

घासाघीस कुठं करायची आणि कुठं नाही, याला माझा एक नियम आहे. दुकानदार आणि कारागीर वेगळे असतील तर दुकानदाराशी खुशाल करा. करणाराच समोर बसला असेल तर एकदा विचारा, "शेवटचं सांगा," आणि जे सांगेल ते द्या. आमच्या घरी व्यापारी येऊन आप्पांच्या लुगड्याचा भाव पाडायचे तेव्हा आई आत जाऊन उगीचच भांडी आपटत बसायची. तो आवाज माझ्या कानातून गेलेला नाही.

लुगडी, इरकल आणि खण

इथं मी थोडी लांबण लावणार आहे, कारण इथंच सगळ्यांत जास्त माणसं फसतात.

इरकल हे लुगडं मुळात बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावचं. बेळगावात ते पिढ्यान्‌पिढ्या विकलं जातं आणि नेसलं जातं, म्हणून पाहुण्यांना ते इथलंच वाटतं. खऱ्या हातमागाच्या इरकलीची खूण पदरात आहे. लाल रेशमी पदर, त्यात पांढऱ्या नक्षीचे पट्टे, तीन भाग लाल आणि मधले दोन पांढरे. याला टोप-तेणी पदर म्हणतात. तेणी म्हणजे कणीस, पांढऱ्या पट्ट्यात जोंधळ्याच्या कणसासारखे आकार दिसतात ते बघा.

आता साडी उलटी करा. अंगाचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा असतो आणि पदराचा वेगळा. अंगाला बहुतेक वेळा सूत, पदराला रेशीम. हे दोन ताणे मागावर एकेक धागा एकमेकांत अडकवून जोडतात. त्यामुळे अंग संपून पदर जिथं सुरू होतो, तिथं आडवी एक रेघ असते आणि तिच्यात बारीक बारीक फासे असतात. डोळ्याला दिसले नाहीत तर डोळे मिटून अंगठ्याने चाचपा. तांदळाच्या कणीवरून बोट फिरवल्यासारखं लागतं. हा जोड प्रत्येक साडीला नव्याने करावा लागतो. यंत्रमागाच्या नकलेत तोच ताणा सरळ पदरात जातो, फक्त आडवा धागा बदलून लाल रंग आणलेला असतो. तिथं अंगठ्याला काहीच लागत नाही. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवलीत तरी माझं सांगणं फुकट गेलं नाही.

यंत्रमागाची साडी घेऊच नये असं मी म्हणत नाही. रोज नेसायला, धुवायला ती बरी. वडगावात घरोघर यंत्रमाग आहेत आणि त्यावरही माझ्याच माणसांची पोटं आहेत. फक्त तिला हातमागाचा भाव देऊ नका.

रेशीम आहे म्हणून सांगितलं तर काठाच्या सुटलेल्या टोकाचा एक धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन काडी लावा. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि मागे राख राहते, बोटांत चुरगळते. पॉलिएस्टर वितळतं आणि कडक मणी होतो. माझ्या भाचेसुनेने एका मोठ्या झगझगीत दुकानातून 'प्युअर सिल्क इरकल' घेतली होती, मी सोबत नव्हते. घरी आणल्यावर धागा जाळला. मणी असा टणक की दाताने फुटेना. परत गेलो तर म्हणाले, "बिलावर आम्ही 'सिल्क फिनिश' लिहिलंय." खरंच लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात. म्हणून बिल पण उलटसुलट करून बघा. सिल्क मार्कचं किंवा हातमागाच्या चिन्हाचं लेबल असलं तर जरा निर्धास्त, पण अंगठा फिरवायचा तो फिरवायचाच.

शहापुरी लुगडी आता हातमागावर फार थोडी निघतात. पूर्वी आमच्या गल्लीत पहाटे पाचपासून खट्याक-खट्याक सुरू व्हायचं. खड्ड्याचा माग, आप्पांचे पाय खाली पावड्यांवर, आणि मी शेजारी बसून कांड्यांवर सूत भरतेय. कांडी सैल भरली की ती वाहून नेणारा धोटा मध्येच अडकायचा आणि टपली बसायची. आज एखाद्या घरातून तो आवाज आलाच तर दारात उभं राहून "आत येऊ का?" विचारा. कुणी नाही म्हणत नाही. फोटो मात्र विचारून काढा, आणि चहा दिला तर घ्या.

खण हा गुळेदगुड्डचा, तोही बागलकोटकडचाच. हातमागाच्या खणाचा पन्हा, म्हणजे रुंदी, लहान असतो, एका चोळीपुरता. हल्ली खणाच्या साड्या, पर्सेस, तोरणं, डायऱ्यांची कव्हरं दिसतात, ते बहुतेक मीटरने मिळणारं मोठ्या पन्ह्याचं यंत्रमागाचं कापड. दिसायला छान असतं, भेट द्यायला उत्तम, स्वस्तही पडतं. ऑफिसातल्या पंधरा जणांना काहीतरी द्यायचंय असं कुणी म्हणालं की मी डोळे झाकून खणाच्या बटव्यांकडे नेते. घेताना चेन दोनदा उघडझाप करा आणि आतलं अस्तर ओढून बघा. कापड टिकतं, अस्तर पहिलं जातं.

कशिद्याचं म्हणाल तर आमच्याकडे कसुती. धारवाडची म्हणून नाव, पण इथल्या घराघरांत बायका काढायच्या. गोपुर, पालखी, तुळशीवृंदावन, हत्ती, मोर. कापडावर आधी छापून घ्यायचं नाही, धागे मोजून टाका घालायचा. गवंती आणि मुर्गी हे दोन टाके दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, गाठ कुठंही मारत नाहीत. उरलेले दोन टाके नेगी आणि मेंथी. नेगी विणकामासारखी दिसते, मेंथी फुलीची. मशीनच्या कसुतीची पाठ बघाल तर तिथं दुसऱ्याच धाग्याचं जाळं असतं, पुष्कळदा पांढऱ्या. काही ठिकाणी ते झाकायला मागून कागदी अस्तर चिकटवलेलं असतं. चिकटवलेलं दिसलं की मी साडी घडी करून परत देते. बोलत नाही. बाई समजून जाते.

चपला

कोल्हापुरी चप्पल कोल्हापुरातच होते असा पुण्या-मुंबईकडे समज आहे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं ते आठ जिल्ह्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर. आमच्या अथणी, निपाणी, चिकोडी, रायबागकडे ही चप्पल पिढीजात होत आली आहे, आणि कोल्हापूरच्या दुकानात टांगलेल्या कित्येक जोड्या इकडच्याच हातांनी शिवलेल्या असतात. २०२५ च्या जूनमध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तसल्याच चपला दाखवल्या आणि आपलं नाव घेतलं नाही म्हणून गदारोळ झाला. तेव्हापासून पाहुणे "काकू, ती प्राडावाली" म्हणून मागतात. मी म्हणते, दुकानात कापशी म्हण, पायटान म्हण, ही या चपलेचीच नावं आहेत, कारागिराला बरं वाटेल.

चप्पल हातात घेतली की पहिल्यांदा तळ वर करा. तळ चामड्याच्याच थरांचा असतो. थर एकमेकांना चामड्याच्या वादीने शिवलेले असतात, खिळा नाही. कडेने निरखलं तर थर पुस्तकाच्या पानांसारखे वेगळे दिसतात. कडेला जाड रंग फासून थर झाकले असतील तर नखाने जरा खरवडा. आत पुठ्ठा असेल तर लगेच भुसभुशीत लागतं. मग वास घ्या. हिरडा आणि बाभळीच्या सालीत कमावलेल्या चामड्याला तुरट, ओल्या लाकडासारखा वास येतो. रसायनाचा झणका आला किंवा रबराचा वास आला तर ठेवून द्या. रंगही बघा. कमावलेलं चामडं मधासारखं पिवळसर-तपकिरी असतं आणि तेल पीत पीत काळवंडत जातं. पहिल्या दिवशीच चकचकीत गर्द तपकिरी असेल तर तो रंग मोज्यावर येणार.

दोन्ही बाजूंना बाहेर आलेले पंख्यासारखे भाग म्हणजे कान. मधल्या पट्ट्यावरची वेणी हातात धरून जरा पिळा. बारीक चामड्याच्या पट्ट्यांची खरी वेणी पिळली की हलते आणि परत बसते, छापलेली वेणी वाकून तशीच राहते. अथणीच्या एका घरात ओसरीवर बसलेल्या बाईंना मी वेणी घालताना तासभर बघितलं. पायाच्या अंगठ्यात पट्टीचं टोक धरलेलं, दोन्ही हातांनी विणकाम, आणि तोंडाने सुनेला आमटीत मीठ किती घालायचं ते सांगणं. कातडं कापणं, तळ ठोकणं पुरुषांकडे आणि वेणी-नक्षी बायकांकडे अशी वाटणी बहुतेक घरांत दिसते. मी विचारलं, "अक्का, एका दिवसात किती जोड्या?" त्या म्हणाल्या, "वेणी विचारता की जोडी? जोडी म्हटलं तर चार माणसांचा हात लागतोय." त्यानंतर मी भावावर काही बोललेच नाही.

माप घेताना संध्याकाळी घ्या, दिवसभर चालून पाय जरा फुगलेला असतो. आणि चप्पल किंचित घट्टच घ्या. चामडं सैल पडतं, आकसत नाही. पहिले आठ दिवस ती चावणारच. अंगठ्याच्या जागी आणि कानांना आतून एरंडेल किंवा खोबरेल चोळून रात्रभर ठेवायचं, सकाळी घरातल्या घरात तासभर घालायची. थेट लग्नात घालून नवरदेवाच्या मागे पळू नका. पावसात घालू नका. भिजलीच तर सावलीत वाळवा. उन्हात किंवा गॅसजवळ ठेवली की कोकम सुकावं तशी वळते.

माझी स्वतःची फजिती सांगते. घाईत होते, स्टँडजवळच्या एका दुकानातून भाच्यासाठी जोडी घेतली. तळ उलटा करून बघितला नाही, कारण दुकानदाराने पिशवीत घालूनच हातात दिली. ठाण्यात पहिल्या पावसात ती तेलात टाकलेल्या पापडासारखी फुलली. आत पुठ्ठ्याचे तीन थर. भाचा अजून प्रत्येक पावसाळ्यात फोन करून विचारतो, "मामी, पापड तळलात का?"

चालताना कर्रकर्र वाजणारी हवी असेल तर तशी सांगून करून घ्यावी लागते. तळाच्या थरांत विंचू नावाचं बी बसवतात, त्याचा तो आवाज. तयार मालात क्वचित मिळते. ऑफिसात घालायची असेल तर नकोच, साहेब दुसऱ्या मजल्यावरून ओळखतील.

गोकाकची खेळणी, खानापूरची मडकी, घोंगडी

गोकाकला लोक धबधबा बघायला जातात. घटप्रभा नदी तिथं सुमारे बावन्न मीटर खाली उडी घेते, पावसाळ्यात समोरच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. पण उन्हाळ्यात गेलात आणि धबधब्याला पाणी नसलं तरी गाव वाया जात नाही. इथली रंगवलेली लाकडी फळं-भाज्या बघा. केळी, वांगी, आंबे, पेरू, कारली, सीताफळ. चांगल्या कारागिराचं वांगं आमच्या ह्यांनी एकदा खरंच चिरायला घेतलं होतं. हलक्या लाकडाची असतात, म्हणून टोपलीभर नेली तरी सामानाला वजन होत नाही. गौरीपुढे मांडायला बायका हौसेने घेतात.

इथंही खालची बाजू बघायची. देठाजवळ आणि बुडाला रंग किती काळजीने दिलाय, त्यावरून हात कळतो. मग बोट ओलं करून चोळा. रंग बोटाला आला तर ते शोकेसमध्ये ठेवायचं, लहान मुलाच्या हातात द्यायचं नाही. आणि तसंही, सगळं तोंडात घालणाऱ्या बाळाला ही खेळणी देऊच नका.

खानापूर अर्ध्या-पाऊण तासावर. तिथली माती चांगली, म्हणून कौलांचे कारखाने झाले आणि खादी-ग्रामोद्योगाची कुंभारकाम शिकवणारी केंद्रीय संस्थाही तिथं आहे. मडकं, सुरई, झाडाची कुंडी काहीही घ्या, बोटाच्या पेराने टकटक करा. खणखणीत वाजलं तर भाजणी नीट झाली. बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे. विमानाने जाणाऱ्याने यात पडू नये. गाडीने जाणाऱ्याने पिंजर, म्हणजे भाताचं वाळकं गवत, मागून घ्यावं, मडक्याच्या आतही भरावं आणि बाहेरही.

घोंगडी हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. रायबाग तालुक्यात चिंचलीला माघात मायाक्काची जत्रा भरते, महाराष्ट्रातूनही धनगर समाज लोटतो. तिकडच्या आठवडी बाजारांत, जत्रांत घोंगडी मिळते. काळ्या मेंढ्यांची लोकर असली तर रंग द्यावाच लागत नाही. नवी घोंगडी अंगावर टाकल्यावर पुण्याची मंडळी म्हणतात, "हे तर पुठ्ठ्यासारखं आहे." असायलाच हवं. विणताना सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याचा तो कडकपणा. वापरून मोडतो. नव्या घोंगडीला मेंढीचा वास येणारच, दोन-चार दिवस उन्हात टाका. नवीकोरी मऊसूत आणि बिनवासाची 'घोंगडी' कुणी देत असेल तर ती पानिपतच्या गिरणीतल्या ब्लँकेटची बहीण समजा. काडीची परीक्षा इथंही चालते, लोकर जळली की केसाचाच वास येतो. आणि अंगाला टोचते म्हणून तक्रार करू नका, ती बसायला, पांघरायला आहे, गालाला लावायला नाही.

खादी हवी असेल तर हुदली गाव आहे. १९२४ साली बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचं अधिवेशन झालं, ते भरवण्यात पुढे होते ते गंगाधरराव देशपांडे. खादीचं काम त्यांनी या हुदलीत रुजवलं, आणि १९३७ साली गांधीजी तिथं येऊन राहिलेही होते. मी तिथले पंचे घेते. पहिल्या धुण्यात आटतात, हे धरूनच माप घ्या.

खायचं

आता या तुमच्या लाडक्या भागाकडे. पण कुंद्याच्या आधी दुसरं सांगते, कारण टिकाऊ ते आधी घ्यायचं.

शेंगा चटणी, कारळाची चटणी, जवसाची चटणी. सुक्या असतात, महिनाभर कुठं जात नाहीत. पाकीट उलटं करून तारीख तर बघाच, पण खालच्या कोपऱ्यात तेल साचलंय का तेही बघा. शेंगा चटणीला तेल सुटणं चांगलं, कारळाच्या चटणीला खवट वास येणं वाईट. त्यासोबत कडक भाकऱ्यांची चवड घ्या, कागदासारख्या पातळ असतात. तुकडे झाले तरी चटणी-दह्याशी लागतात. तिखट खाणाऱ्यांना संकेश्वरी मिरची. रविवार पेठेत पोत्यांतून मिळते, देठ हिरवट-पिवळा आणि साल सुरकुतलेली पण मोडताना कडकन मोडणारी घ्या. शिंकत घ्यावी लागेल, रुमाल न्या.

शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शिवारातला बेळगाव बासमती मिळाला तर पाच किलो घ्या. हल्ली शिवारात घरं उगवतायत, तांदूळ कमी. मूठभर हातावर घ्या, तोंडाची वाफ द्या, चोळा आणि हुंगा. वास आला नाही तर तो नाही.

गोकाकचा करदंट म्हणजे तळलेला डिंक, गूळ, सुकामेवा. कानडीत करी म्हणजे तळणे आणि अंटु म्हणजे डिंक, त्यावरून नाव. तो टिकतो, बाळंतिणीला चालतो, प्रवासात भूक लागली की आधार होतो. वडी दोन बोटांत दाबा. जराशी लवचिक लागली तर ताजी, दगड लागली तर जुनी.

मांडे नेऊ नका. म्हणजे न्या, पण मांडीवर ठेवून न्या. उलट्या मडक्याच्या बुडावर भाजलेला तो रुमालासारखा पातळ पदार्थ बसच्या पहिल्या खड्ड्याला चुरा होतो.

आणि कुंदा. दूध आटवता आटवता कुणीतरी चुलीवर विसरला आणि त्यातून कुंदा झाला, अशी गोष्ट इथं सांगतात. दूध, खवा, साखर, आणि ढवळणाऱ्याचा दंड. चांगला कुंदा दाणेदार असतो, रंग भाजक्या खव्याचा, तोंडात साखर करकरत नाही. खोक्यातला घेऊ नका, परातीतून समोर काढून द्यायला सांगा आणि आधी चमचाभर चाखा. हे मागायला लाजायचं नाही, सगळे देतात. गरम असेल तर झाकण लावू देऊ नका. वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो. मी एकदा गरम कुंदा प्लास्टिकच्या डब्यात घट्ट बंद करून मुंबईला पाठवला, पोचला तो दही होऊन. निघायच्या दिवशी, निघायच्या तासाभरात घ्या. फ्रीजमध्ये ठेवला तर खाण्याआधी अर्धा तास बाहेर काढा.

भरताना

चपला वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लास्टिकमध्ये नाही, बुरशी धरते. साडीच्या पिशवीत चपला नकोत, चामड्याचा वास रेशमाला लागतो आणि मग तो जाता जात नाही. घोंगडी सगळ्यांत खाली, तिच्या घडीत मडकं. लाकडी वांगी-केळी कपड्यांच्या मधे. तांदळाच्या पिशवीचं तोंड शिवून घ्या, दुकानदार शिवून देतो. सांबऱ्याहून विमानाने जाणाऱ्यांनी तेलाची लोणची-बिणची सामानात द्यावी, हातात ठेवू नये, तपासणीला अडवतात.

कुंद्यासाठी मी पाहुण्यांना माझा स्टीलचा डबा देते. खोक्यापेक्षा बरा, दाबला जात नाही. डब्याच्या बुडाला माझं नाव कोरलेलं आहे, आप्पांनीच कोरून घेतलं होतं. आजच्या तारखेला असे पाच डबे पुण्यात आहेत, दोन ठाण्यात आणि एक कुठं आहे ते मलाच आठवत नाही. तुमच्या स्वयंपाकघरातला एखादा जड, जुन्या घाटाचा डबा उलटा करून बघा. नाव सापडलं तर पुढच्या येणाऱ्या माणसाबरोबर पाठवून द्या, भरून पाठवलात तरी चालेल.